ओसरी, पत्र आणि पाहुणा

आदरातिथ्य हा मराठी ग्रामजीवनाचा सनातन गुण आहे, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. आणि नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मंडळींस ते ऐकावयास गोडही वाटते. गावाकडील घराची आठवण निघाली की पाय धुवावयास दिलेले पाणी, हातावर ठेवलेला गुळाचा खडा आणि ओसरीवर अंथरलेली घोंगडी ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. ही चित्रे खोटी नाहीत. परंतु ती कालातीत आहेत असे मानले की त्यांचा इतिहास हातचा निसटतो. पाहुण्याचे स्वागत कोणी करावे, कोणाचे करावे, उंबरठ्याच्या कोणत्या बाजूस करावे आणि त्याचा भार कोणी सोसावा, या सर्व गोष्टी रस्त्यांबरोबर, टपालाबरोबर आणि समाजाच्या उतरंडीबरोबर बदलत आल्या आहेत. या बदलाचा माग काढू लागले असता आमच्या ध्यानात एक गोष्ट येते. पाहुण्याच्या स्वागताचा इतिहास हा पुष्कळ अंशी पाहुणा येणार असल्याच्या बातमीचा इतिहास आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, ही व्युत्पत्ती सर्वांच्या तोंडी आहे. मनुस्मृतीने मात्र दुसरी उपपत्ती दिली आहे. जो एकच रात्र राहतो, ज्याचे राहणे नित्याचे नसते, तो अतिथी, असे तेथे म्हटले आहे. ‘अत्’ म्हणजे भटकणे, हिंडणे या धातूशी या शब्दाचा संबंध जोडणारे भाषापंडितही आहेत. आपला ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृतातील ‘प्राघुण’ किंवा ‘प्राघूर्णक’ आणि प्राकृतातील ‘पाहुण’ या वाटेने आलेला आहे. या सर्व उपपत्तींच्या मुळाशी एकच चित्र आहे. दिवस मावळावयास आलेला आहे, वाट पुढे लांब आहे, आणि अगोदर कळविण्याचे कोणतेही साधन नसलेला एक मनुष्य दाराशी उभा आहे.

गृह्यसूत्रांनी या मनुष्याच्या स्वागताचा विधीच बांधून दिला. बसावयास दर्भाचे आसन, पाय धुण्यास पाद्य, हातांवर अर्घ्य, आचमनास पाणी, त्यानंतर मधुपर्क आणि शेवटी गाय, असा त्याचा क्रम होता. मधुपर्क म्हणजे दह्यात कालवलेला मध; मध न मिळाल्यास तूप. हा सत्कार कोणाचा करावयाचा याची आश्वलायनाने दिलेली यादी लक्षात घेण्याजोगी आहे. ऋत्विज, आचार्य, स्नातक आणि राजा यांच्या जोडीने तीत सासरा, चुलता आणि मामा यांचीही गणना आहे. म्हणजे नातलगाचे घरी येणे ही केवळ घरगुती बाब नव्हती, तिला विधीची प्रतिष्ठा होती. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात अतिथिपूजन व मधुपर्क या विषयांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. मधुपर्क आज केवळ विवाहविधीत, वधूच्या घरी आलेल्या वराच्या पूजेत उरला आहे. परंतु पाद्य मात्र मंत्र टाकून देऊन खेडोपाडी अगदी अलीकडेपर्यंत नांदत होते. अनवाणी किंवा वहाणा घालून धुळीतून, चिखलातून चालत आलेल्या माणसास प्रथम पाण्याचा तांब्या लागतो, हे सांगण्यास सूत्रकारांची गरज नव्हती. जी गरज होती तिचाच विधी झाला, आणि विधी विसरला गेल्यावर गरज पुन्हा आपल्या साध्या रूपात राहिली.

निरोपासंबंधीही शास्त्रकारांनी विचार केला होता. तृप्त झालेल्या श्रोत्रिय अतिथीस गावाच्या सीमेपर्यंत पोचवावयास जावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पाहुण्यास वेशीपर्यंत पोचविण्याची, त्याच्या हातावर दही घालण्याची, बरोबर शिदोरी बांधून देण्याची आणि त्याने ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची आपली रीत त्याच कुळातली आहे. आजही स्टेशनावर निरोप देण्यास गेलेला मनुष्य गाडी हलेपर्यंत फलाटावरून पाय काढीत नाही. वेस बदलली, एवढेच.

आता घराकडे वळू. आपल्याकडील जुन्या घराची रचनाच पाहुणा गृहीत धरून केलेली असे. देशावर तिला ओसरी म्हणत, सातारा-कोल्हापुराकडे सोपा, कोकणात ओटी किंवा पडवी, वऱ्हाडात छपरी. नाव कोणतेही असो, ती जागा घराची असूनही पुरती घरातली नसे. तिला दार नसे. असले तरी दिवसा ते लागत नसे. वाटसरू, सावकाराचा माणूस, पंचांग सांगणारा जोशी, सोयरीक घेऊन आलेले लोक, हे सारे तेथे टेकत. त्यांतून कोणी आत घ्यावयाचा याचा निवाडा तेथेच होई. सोयरा माजघरापर्यंत जाई. लेक मात्र थेट चुलीपाशी जाऊन बसे. पाहुणा घरात किती खोलवर येतो यावरून त्याचे नाते मोजता येत असे.

स्वागताची सुरुवात पुष्कळदा पाहुण्यापासून न होता त्याच्या बैलांपासून होई. गाडी सुटली की जनावरांना पाणी दाखवावयाचे, त्यांच्यापुढे कडबा टाकावयाचा, आणि ते पाहिल्यावर मगच पाहुण्याने निश्चिंतपणे पाय धुवावयाचे. त्यानंतर गूळ आणि पाणी. नुसते पाणी पुढे करणे हे उणेपणाचे मानीत. उन्हातून आलेल्याने रिकाम्या पोटी घटाघटा पाणी पिऊ नये, हा त्यातील व्यवहार. आणि ज्याच्या घरी दुसरे काही नाही त्याच्याही घरी गुळाची ढेप असते, हे त्यातील शहाणपण. मग पानाची चंची सुटे, अडकित्त्याचा आवाज सुरू होई आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी निघत. आलात का, असे कोणी विचारीत नसे. कामाचा विषय पाहुण्यानेच काढावयाचा, तोही जेवणानंतर.

लेकीचे येणे हा या स्वागतातील निराळाच प्रकार होय. ती आपण होऊन येत नसे. तिला आणावयास भाऊ किंवा दुसरा कोणी मुऱ्हाळी म्हणून जात असे. पंचमीस किंवा दिवाळीस मुऱ्हाळी आला नाही तर सासुरवाशिणीचे डोळे वाटेकडे लागून राहत. ती माहेरच्या दारी आली की उंबरठ्याबाहेर तिच्या पायांवर पाणी घालीत, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकीत आणि मगच तिला आत घेत. दूरच्या प्रवासाहून सुखरूप परतलेल्या पुरुषासही हाच मान मिळे. वाटेची दृष्ट वाटेवरच राहावी हा त्यातील भाव होता, आणि ज्या काळी वाटेवर गेलेला मनुष्य परतेलच याची शाश्वती नव्हती त्या काळी तो भाव पोकळ नव्हता.

परंतु या सुंदर चित्रामागे जे कष्ट होते त्यांची नोंद आपल्या आठवणींनी फारशी ठेवलेली नाही. ओसरीवर यजमान बसत. यजमानपण मात्र माजघरात राबत असे. पिठाची गिरणी येण्यापूर्वी घरात रोजच्यापुरतेच पीठ पहाटे दळले जाई. अंधार पडल्यावर चार माणसे दारात उभी राहिली म्हणजे घरातील बायकांनी पुन्हा जात्याशी बसावे, चूल पुन्हा पेटवावी आणि सर्वांची पाने उठल्यावर जे उरेल ते खावे, असा नेम होता. मनुस्मृतीनेही पती-पत्नींनी अतिथींनंतरच उरलेले अन्न सेवावे असे सांगितले आहे. मात्र नवविवाहिता, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी वाढण्यास तिची अनुमती आहे. व्यवहारात ही सवलत किती घरांनी पाळली असेल, याविषयी आम्हांस शंका वाटते. गिरणीचा पट्टा फिरू लागला तेव्हा मराठी आतिथ्याचा अर्धा भार हलका झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

घराप्रमाणे गावही यजमान असे, ही गोष्ट आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल सिद्ध केला, त्यात गावखर्चाच्या बाबी दिल्या आहेत. देवळाचा खर्च, सण-उत्सव, दानधर्म, वरिष्ठांचे नजराणे यांच्या जोडीस पाहुण्यांच्या, विशेषतः फकीर-गोसाव्यांच्या, सरबराईचा खर्चही त्यात आहे. म्हणजे दारी आलेल्या फिरस्त्यास जेवू घालणे हे एकट्या पाटलाच्या उदारपणावर सोडलेले नव्हते. त्याचा बोजा सबंध पांढरीवर वाटलेला होता आणि तो कुळकर्ण्याच्या कागदावर चढत होता. यात सोय होती तशी पिळवणूकही होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तेव्हा नाना प्रकारच्या फिरस्त्यांचा आणि मागत्यांचा भार कुणब्याच्या कणगीवर कसा पडतो याचा हिशेबच त्यांनी मांडला. आतिथ्याच्या स्तुतीने भरलेल्या आपल्या वाङ्मयात हा हिशेब फार मोलाचा आहे. आमच्यापैकी जे फिरतीच्या नोकरीत आहेत त्यांनी तर तो अवश्य वाचावा. कारण गावाच्या दृष्टीने कचेरीचा मनुष्य हा नेहमीच नको असलेल्या परंतु टाळता न येणाऱ्या पाहुण्यांत मोडत आला आहे.

या सरबराईची शेवटची पायरी महारवाड्यापाशी येऊन थांबे. वतनदार महारांच्या कामांत सरकारी मंडळींस वाट दाखविणे, त्यांचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचविणे, त्यांच्या घोड्यांना वैरण व त्यांच्या चुलीला जळण पुरविणे, ही कामे होती. ज्याच्या हातांनी पाहुण्याची सोय होई त्याला त्याच पाहुण्याच्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. जातीजातींमधल्या भिंतींना आतिथ्याने एक खिडकी तेवढी ठेवली होती, ती शिध्याची. ज्याच्या हातचे अन्न चालत नाही त्या घरी उतरलेल्या पाहुण्यास पीठ, डाळ, तूप, मीठ आणि सरपण काढून द्यावयाचे. त्याने अंगणात तीन दगडांची चूल मांडून आपले आपण शिजवून घ्यावयाचे. ही तडजोड शहाणपणाची खरी. पण शिधा देता येई, पाणी देता येत नसे. आणि वाटसरूची पहिली गरज तर पाण्याचीच असते. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या कृतीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे मोल अधिक कळते. आतिथ्याचा आरंभ जेथून होतो तेथूनच त्यांनी सुधारणेचा आरंभ केला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घर सोडून दूर गेलेल्या माणसाची खबर घरी पोचणे ही दैवाधीन गोष्ट होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात निघाले, आणि नेमके सत्तावनच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, वाटेत लुटले गेले, आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन वरसईस परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. ते युद्धाचे वर्णन म्हणून वाचले जाते. पण आम्हांस ते घरापासून दूर गेलेल्या आणि घरी पोचू इच्छिणाऱ्या माणसाची हकीकत म्हणूनही तितकेच जवळचे वाटते. अशा माणसास दारात पाहून घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. तो आपल्याच घरी खऱ्या अर्थाने अतिथी होऊन आला होता. त्याच्या येण्याला तिथी नव्हती.

ही स्थिती पालटली ती पुढच्या पंचवीस वर्षांत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली. १८६३ साली बोरघाट तिने ओलांडला, १८६७ साली ती नागपुरास पोचली, आणि १८७० साली मुंबई-कलकत्ता हा मार्ग अलाहाबादेवरून अखंड झाला. त्याच सुमारास टपालाची व्यवस्था लागली. १८५४ साली अंतर कितीही असो, हलक्या पत्रास सबंध देशभर अर्धा आणा हा एकच दर ठरला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे कार्ड निघाले, आणि पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. या तारखा शाळेत पाठ केलेल्या असतात. पण गावाकडील घराच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय झाला, हे आपण पाहत नाही. त्यांनी अतिथीला तिथी दिली. ‘वद्य पंचमीस सकाळच्या गाडीने निघत आहोत, स्टेशनावर गाडी पाठवावी’ या कार्डावरील एका ओळीने हजारो वर्षांच्या आतिथ्याचा पाया बदलला. यजमानास आता तयारी करता येऊ लागली. दळण अगोदर निघू लागले, घर सारवून ठेवता येऊ लागले, बैलगाडीत गवत पसरून गडी आदल्या रात्रीच स्टेशनाकडे निघू लागला. स्वागताची जागा उंबरठ्यावरून फलाटावर गेली. आणि त्याबरोबर एक नवा रुसवाही जन्मास आला. कळवूनही गाडी आली नाही, हा. आणि न कळविता कसे आलात, हाही. पूर्वी न कळविता येणे हा पाहुण्याचा धर्मच होता. आता तो दोष ठरू लागला.

कोकणात आगगाडी नव्हती; तेथे हेच कार्य आगबोटीने केले. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. धक्का नसलेल्या ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, वळकट्या पडावात उतरवून घेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की या बोटी बंद. म्हणून कोकणातल्या चाकरमान्याचे येणे ऋतूंनी बांधलेले होते, आणि चतुर्थीस येणाऱ्यास पुष्कळदा घाटावरून उतरून यावे लागे. गाव त्याची वाट पाहत असे ती केवळ प्रेमापोटी नव्हे. त्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर सारा भरला जाई, कौले शाकारली जात, बहिणींची लग्ने होत. पूर्वीच्या पाहुण्यास यजमान पोसत असे. हा नवा पाहुणा यजमानास पोशीत होता. त्याच्या स्वागतात आर्जवाचा एक नवा सूर मिसळला, आणि त्याच्या वागण्यात, नकळत का होईना, थोडासा पोशिंद्याचा तोरा.

पत्राने आलेली ही नवी व्यवस्था किती नाजूक होती आणि तिच्याखाली जुनी व्यवस्था कशी जशीच्या तशी उभी होती, याचे दर्शन घडविणारा एक प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नमूद केला आहे. साल १९०१. त्यांचे वडील रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपालाच्या जागी होते, मुले साताऱ्यास. सुट्टीत भेटीस या, असे वडिलांनी लिहिले. नवे कपडे शिवले गेले, येत असल्याचे पत्र धाडले गेले, आणि भीमराव, त्यांचे वडील भाऊ व बहिणीची दोन मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यावयास कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रथम आस्थेने चौकशी केली. मुले महाराची आहेत असे कळताच त्यांचा चेहरा पालटला. भाड्याची गाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवाला तयार झाला तो या अटीवर की, गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने चालू. बरोबर खावयास होते, पण पिण्यास पाणी नव्हते. रात्री जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तेही मिळाले नाही. शेजारी अन्न ठेवून ती मुले तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी गोरेगावास पोचल्यावर उलगडा झाला की, पत्र वेळेवर आले होते. वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते.

या प्रसंगाकडे पाहुणचाराच्या इतिहासातील एक पुरावा म्हणून कोणी फारसे पाहिलेले नाही. आमच्या मते तो फार मोठा पुरावा आहे. त्यात आगगाडी आहे, टपाल आहे, तिकीट आहे, म्हणजे नव्या युगाची सर्व साधने आहेत. ती एका विसरभोळ्या नोकरामुळे एका दिवसापुरती निकामी झाली. असा प्रसंग कोणत्याही प्रवाशावर येऊ शकतो. परंतु पत्र चुकलेल्या दुसऱ्या कोणा मुलांना त्या रात्री वाटेवरची एखादी ओसरी लाभली असती, निदान तांब्याभर पाणी तरी मिळाले असते. तिथीवाचून येणाऱ्यास देव मानण्याचा तैत्तिरीय उपनिषदातील उपदेश त्या वाटेवरील लोकांना ठाऊक नव्हता असे नाही. तो कोणास लागू आहे हे त्यांनी आधी विचारून घेतले. ज्या आतिथ्याला प्रथम जात विचारावी लागते त्याच्या गौरवाची भाषा आपण जरा बेताने वापरावी, हे बरे.

जी गोष्ट पाण्याची तीच पुढे चहाची झाली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा दिला गेला. तो घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले, आणि ते प्रायश्चित्तांपर्यंत गेले. एक पेला चहा हा तेव्हा शिष्टाचार नव्हता. ते धर्मसंकट होते. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्याच्या उत्पन्नातून चहाच्या प्रसाराचे काम सुरू झाले, आणि पुढील तीन-चार दशकांत स्टेशने, बाजार आणि गिरण्यांची वस्ती यांच्या वाटेने चहा खेड्यांत शिरला. गूळ-पाण्याची जागा त्याने बघता बघता घेतली. या बदलाची हळहळ करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्याची दुसरी बाजूही दिसते. चहाच्या दुकानात एकाच बाकावर बसण्याचा झगडा दीर्घकाळ चालला, कपबशा वेगळ्या ठेवण्याची लाजिरवाणी रीतही चालली. तरी पण सोवळ्याच्या नियमांत पूर्वापार जागा नसलेल्या या नव्या पेयाने पुष्कळ ओसऱ्यांवर जे गूळ-पाण्याला जमले नव्हते ते थोडेफार जमवून आणले.

स्वातंत्र्यानंतर आमच्या वर्गाच्या गावाशी असलेल्या नात्यास सरकारी दप्तरातही एक जागा मिळाली. १९५६ साली केंद्र सरकारने रजा प्रवास सवलत सुरू केली. तिच्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्यास आपले मूळ गाव कोणते हे एकदा लिहून द्यावे लागते, आणि दिलेले नाव सहसा बदलता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या परिभाषेत याला ‘स्वग्राम’ असा सुरेख शब्द आहे. दिल्लीत, भोपाळात, कलकत्त्यात किंवा हैदराबादेत जन्म कंठणाऱ्या माणसाने फॉर्मावर एखाद्या तालुक्यातील खेड्याचे नाव लिहावयाचे आणि दोन वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने तेथे जावयाचे, ही कल्पना आम्हांस नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. ज्या घरी जाण्यासाठी मंजुरी, आगाऊ रक्कम आणि आरक्षण लागते, तेथे आपण घरचे की पाहुणे? मनूच्या व्याख्येने पाहिले तर उत्तर स्पष्ट आहे. ज्याचे राहणे नित्याचे नाही तो अतिथी. स्वग्रामाचा रकाना भरणारा प्रत्येक जण आपल्या सहीने हेच कबूल करीत असतो.

ही कबुली कडू आहे खरी, पण तिच्यामुळे एक गोष्ट स्वच्छ दिसते. आम्ही सुट्टीस जात असू तेव्हा आमचे जे स्वागत होत असे ते आपोआप होत नव्हते. कोणी तरी मागे राहिलेले होते. धाकटा भाऊ शेती पाहत होता, विधवा आत्या देवपूजा चालवीत होती, वहिनी सारवण घालीत होती. ज्यांनी मनीऑर्डर पाठविली त्यांची नावे कुटुंबाच्या इतिहासात ठळक लिहिली गेली. ज्यांनी दार उघडे ठेवले त्यांची नावे घेण्याची आठवण फार थोड्यांना झाली. वाटण्या निघाल्या तेव्हा तर, इतकी वर्षे पाहुण्यासारखे येणारे हिस्सेदार झाले, आणि यजमानपण केलेल्याच्या वाट्यास ओसरीचा एक खण आला, असेही पुष्कळ घरांत घडले. मराठी घरांच्या अनेक कज्ज्यांचे मूळ जमिनीच्या मोजणीत सापडत नाही. ते या न मोजलेल्या पाहुणचारात असते.

यानंतरचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू झाला आणि बोटीच्या ऋतूंनी बांधलेले येणे-जाणे मोकळे झाले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तोपर्यंत मोबाइल फोनने पत्राची आणि तारेची दोहोंची गरज संपविली होती. आता पाहुणा निघाला कधी, पोचला कोठवर, वाटेत थांबला कोठे, हे यजमानास घटकेघटकेस कळते. तिथीच नव्हे, तर मिनिटही ठरते. दुसरीकडे, २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. शेतावर राहावयास येणाऱ्या शहरी कुटुंबांस बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी आणि आल्याबरोबर गूळ-पाणी देणारी केंद्रे आज ठिकठिकाणी आहेत. तिथी मिळालेल्या पाहुण्यास आता दरही मिळाला. यास नाक मुरडण्याचे कारण नाही. गावखर्चाच्या कागदात पाहुणचाराचा हिशेब दोनशे वर्षांपूर्वीही होता, आणि जेथे पूर्वी बाईचे कष्ट फुकट गणले जात तेथे तिच्या भाकरीला मोल येत असेल तर ते एका परीने न्यायाचेच आहे. शिवाय नावनोंदणी करून, पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यास कोणी जात विचारीत नसेल, तर जुन्या ओसरीस जे साधले नाही ते या नव्या व्यवहाराने साधले, असेही मान्य केले पाहिजे.

मात्र या सर्व प्रवासात एक वस्तू दुर्मिळ होत गेली आहे, आणि ती गूळ किंवा घोंगडी नव्हे. ती म्हणजे मागे राहिलेला मनुष्य. बातमी पोचविण्याची साधने जसजशी वाढली तसतशी बातमी घेणारी माणसे गावातून उठून गेली. त्यांना बाहेर काढणाऱ्या वाटाही त्याच होत्या. घाटमाथ्यावरील आणि कोकणातील कितीतरी घरांना आज वर्षातील अकरा महिने कुलूप असते. किल्ली शेजाऱ्याकडे असते, आणि मालक येण्यापूर्वी त्यालाच फोन करून केर काढून ठेवण्यास सांगतात. अशा घरी पोचलेल्या माणसाच्या पायांवर पाणी कोण घालणार? तो स्वतःच यजमान आणि स्वतःच अतिथी असतो.

याला उपाय म्हणून सर्वांनी गावी परतावे, असा उपदेश करण्याचा आमचा विचार नाही. तो आम्हीही पाळणार नाही. पण दोन गोष्टी आमच्या हातच्या आहेत. ज्या घरी अजून कोणी मागे राहिले आहे, तेथे जाताना आपण मालक म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे. अगोदर कळवावे, थोडे दिवस राहावे, आपल्या शिध्याचा भार उचलावा, आणि निघताना दार उघडे ठेवणाराचे ऋण बोलून दाखवावे. शक्य तर ते वाटणीच्या कागदावरही उतरवावे. आणि जेथे कोणीच राहिले नाही, तेथे गेल्यावर आधी ओसरी झाडून दार उघडावे व पाण्याचा तांब्या भरून ठेवावा. वाट अजून समोरून जात आहे. तहानलेला कोणी तीवरून आलाच, तर तो कोण, कुठला, हे विचारण्यापूर्वी त्याला पाणी मिळावे, इतके जरी आपल्याकडून घडले, तरी मसूरच्या वाटेवर जे राहून गेले त्याची थोडीफार भरपाई होईल.